दीपगृहातला जिना कृष्णधवलमध्ये कसा जमला
दीपगृहाच्या तळाशी उभं राहून वर गेलेल्या गोल जिन्याचा फोटो हवा होता. पण दरवेळी खिडकी पांढरीफटक, पायऱ्या काळ्याकुट्ट. शिवाय ट्रायपॉड लोखंडी पायरीवर ठेवलेला. वर कुणी पाऊल टाकलं की फोटो हललाच.

ट्रायपॉड खाली दगडी फरशीवर आणला. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, भिंगाचं छिद्र एफ/8, दोन सेकंदांचा टायमर. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने पाच रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो घेऊन एकात जोडले. खरा फरक पडला तो रंगीत फोटोचं कृष्णधवलमध्ये रूपांतर करताना. खिडकीचा उजेड निळसर होता, गंज तांबूस; म्हणून निळ्या रंगाचा उजळपणा उतरवला, नारिंगीचा चढवला. कठड्यावरच्या गंजाचा पापुद्रा न् पापुद्रा सुटा दिसू लागला! कोपऱ्यातला अंधार मात्र तसाच ठेवला. मनोऱ्याची उंची त्यातूनच जाणवते.