घरी बीपी मोजताना आधी पट्टा बघा, आकडा नंतर

बीपी वाढलं की डोकं दुखतं, गरगरतं, ही समजूत फार घट्ट आहे. बहुतेकांना काहीच होत नाही. रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडं मात्र आतून झिजत राहतात. म्हणून मोजायचं. मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या. मनगटाचं घेऊ नका, हात जरा खालीवर झाला की त्याचा आकडा फिरतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, व्यायाम बंद. लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नाही.

आता पट्टा. सगळा घोळ इथे होतो आणि सल्ले देणारे नेमकं हेच गाळतात. मशीनबरोबर येणारा पट्टा बऱ्याचदा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. त्याच्यावर तसं छापलेलंच असतं. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याच्या टेपने घेर मोजा. ३५ भरला तर तो पट्टा तुमचा नव्हे. कसाबसा चिकटतोय म्हणून चालवून घेऊ नका. लहान पट्टा बीपी वाढवून दाखवतो आणि मग नको असलेली गोळी मागे लागते. काटकुळ्या दंडाला मोठा पट्टा बांधला तर उलटं होतं, आकडा कमी येतो. ते जास्त वाईट, कारण माणूस निर्धास्त राहतो.

दुसरी कटकट बाहीची. आमच्या सासूबाईंचं ठरलेलं, “वरून बांध गं, काय होतंय!” बाही वर सारायची म्हटलं, तर ब्लाउजची घट्ट बाही काखेशी गोळा होऊन दंड असा आवळते की कातडीवर वळ उठतो. तसं मोजणं फुकट. त्यांना आधी सैल गाऊन घालायला लावायचा, हाच उपाय. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, आणि त्याच्यावरची खूण कोपरात आतल्या बाजूला नाडी लागते तिच्या रेषेत. आत दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत.

हात टेबलावर सैल टेकवा, पट्टा हृदयाच्या पातळीला आला पाहिजे. हात मांडीवर ठेवलात तर पट्टा खाली जातो आणि दर १० सेंटिमीटरला साधारण ७-८ आकडे फुकटचे वाढतात. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी केलेली चादर घाला. हात स्वतः उचलून धरू नका. मशीन चालू असताना बोलणं बंद, “किती आलं?” हेसुद्धा नाही.

एका मिनिटाने परत मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. मनासारखा आकडा येईपर्यंत बटण दाबत बसणाऱ्यांनी मशीन विकून टाकावं. पहिल्या वेळी दोन्ही हात तपासा, जास्त येईल तोच पुढे धरा.

सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडे छान आले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. ते छान आलेत ते बहुधा गोळीमुळेच.

१८०/१२० च्या वर गेलं आणि त्रास काही नसेल, तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय किंवा एका बाजूची ताकद गेलीय, तर मशीन शोधत बसू नका, सरळ १०८ लावा.