बोट वेगात असताना फिशफाइंडरवर खोली दिसत नाही? हे करून पाहा

हळू चालवताना फिशफाइंडरवर (खोली आणि मासे दाखवणारं मशीन) खोली बरोबर दिसते आणि वेग वाढवला की आकडा लुकलुकतो किंवा गायब होतो. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, ट्रान्सड्यूसर म्हणजे बोटीच्या मागे लावलेला, पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून खोली मोजणारा भाग; त्याच्याखालून बुडबुडे जात असतात.

१. सुकाणू दुसऱ्याकडे द्या आणि नेहमीच्या वेगात मागच्या फळीवरून नीट खाली बघा. पांढरा फेस सोडून जिथून पाणी काचेसारखं सलग निघतं, ती जागा ट्रान्सड्यूसरची. पंख्यापासून निदान ३८ सेंमी लांब; तळाच्या पट्ट्या, रिव्हेट किंवा पाणी खेचणारी भोकं यांच्या मागे तर नकोच.

२. फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसरचा तळ बोटीच्या तळापेक्षा साधारण ३ मिमी खाली ठेवा, पुढची कड मागच्यापेक्षा किंचित वर.

३. तरी आकडा तुटला तर २-३ मिमी अजून खाली घ्या आणि पुन्हा फेरी मारा. मागे पाण्याचा फवारा उडू लागला की जास्त खाली गेलाय, थोडा वर घ्या.

ट्रान्सड्यूसरवरचं शेवाळ आणि शिंपले मात्र मऊ फडक्याने काढा, सुरीने खरवडू नका.

आकडा स्थिर झाला तरी खाडीच्या तोंडाशी वेग कमी कराच. तो बोटीखालची खोली सांगतो, पुढच्या वाळूच्या पट्ट्याची नाही.