चोर्ला घाट उतरण्याआधी: आयडलिंगला थरथरणारी पेट्रोल गाडी

घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते, ॲक्सिलरेटरवर पाय नसतो, त्यामुळे इंजेक्टरचं पेट्रोल बंद असतं. वळणावर क्लच दाबला की आरपीएम झपकन उतरतो. तो आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तिथे, सावरायचा तर थ्रॉटल बॉडीतून (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतून) हवा मोजून मिळायला हवी. तिथे काजळी साचली असेल तर इंजिन नेमकं त्या वळणावर बंद पडतं, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. म्हणून बेळगावच्या सिग्नलला थरथरणारी गाडी तशीच जांबोटीच्या पुढे नेऊ नका. आधी एक सकाळ तिच्यासाठी काढा.

गाडी रात्रभर थंड राहू द्या आणि टाकी निम्मी तरी भरलेली ठेवा. १० नंबरचा गोटी पाना, आत रबर असलेला प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा), थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा, जुनं सुती कापड, टॉर्च आणि वही जवळ असू द्या. गाडी उघड्यावर उभी करा. बंद शेडमध्ये धूर जिवावर बेततो.

सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरी मोजा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली पेट्रोलच्या पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येते का, तेही बघा. मग गाडी नेमकी कधी त्रास देते ते वहीत लिहा: थंड असताना, गरम झाल्यावर की एसी लावल्यावर. हे कंटाळवाणं वाटेल, पण निम्मं निदान इथेच होतं. गरम झाल्यावर बंद पडून वीसेक मिनिटांनी पुन्हा सुरू होत असेल, आणि गाडी गिअरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा एकदम शून्यावर जात असेल, तर संशय क्रँक सेन्सरवर (इंजिनाचे फेरे ओळखणाऱ्या सेन्सरवर) घ्या.

आता स्कॅनर लावा. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. लगेच नवी कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) आणू नका. पहिली कॉइल तिसऱ्यावर आणि तिसरी पहिल्यावर बसवा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी-०३०३ झाला तर कॉइल खराब. जागचा हलला नाही तर प्लग काढा. पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी उतरतं, ते आधी हवेने उडवा. प्लगवर कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे आतून ऑइल येतंय. प्लगच्या टोकाची गॅप मॅन्युअलमध्ये दिली असेल तीच ठेवा. वॉशरवाला नवा प्लग हाताने पूर्ण बसला की पान्याने अर्धा फेरा पुरे. जास्त ओढलात तर हेडचे आटे जातील.

पी-०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आला तर हवा चोरून आत शिरत असण्याची शक्यता मोठी. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला +२० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य असेल तर व्हॅक्यूमचे पाइप आणि पीसीव्हीची नळी (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढणारी) बोटांनी चाचपा. नळी वाकवली की बारीक चीर उघडते. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही शोधा. गळती शोधायला पेट्रोल शिंपडू नका, आग लागेल.

थ्रॉटल बॉडी चावी काढूनच उघडा. आतल्या झडपेच्या पाकळीच्या कडेला काळं कडं दिसेल. क्लीनर कापडावर घेऊन ते पुसा. इलेक्ट्रॉनिक पाकळी बोटाने ढकलू नका, गिअर तुटतो. साफ केल्यावर आयडल चढलेलं राहिलं तर स्कॅनरने रीलर्न करून घ्या, म्हणजे कॉम्प्युटरला पाकळीची जागा नव्याने शिकवा.

शेवटी गरम इंजिनावर, सपाट मोकळ्या रस्त्याला, तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावर पाय उचला आणि क्लच दाबा. असं पाच वेळा करा. काटा बहुतेक गाड्यांत ७०० ते ८५० वर थांबतो. एकदाही ५०० च्या खाली गेला तर या खेपेला गोव्याला बसने जा.