अमेरिकेतल्या छोट्या गावात जेवायला बसताना

मुलांकडे अमेरिकेला गेलात आणि हायवेलगतच्या एखाद्या गावात डायनरमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या हॉटेलात, शिरलात, तर नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगून थांबू नका. तिथे दक्षिणेकडे फरसबीसुद्धा बेकन (डुकराचं मांस) घालून शिजवतात, भाजीच्या सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं. 'बेकन, चिकन ब्रॉथ काहीच नको' असं स्पष्ट सांगा. ग्रिल्ड चीज सँडविच बहुतेक ठिकाणी मिळतं.

कॉफीचा कप रिकामा दिसला की वाढणारी बाई न विचारता पुन्हा भरते, त्याचे सहसा वेगळे पैसे नसतात. टिप मात्र १५ ते २० टक्के ठेवाच. टेक्सास, अलाबामासारख्या राज्यांत मालकाने तिला तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्यात बसतं, बाकी कमाई टिपचीच. आणि रात्री आठच्या आत पोचा, किचन बऱ्याचदा लवकर बंद होतं.