अडल्यावर मूल काय करतं?

शिकवण्या घ्यायला लागले त्या वर्षी मी एक प्रश्नावली छापून घेतली होती. ‘तुला बघून जास्त कळतं, ऐकून की हाताने करून?’ अशा थाटाचे सोळा प्रश्न. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या ‘वार्क’ नावाच्या प्रश्नावलीवरून उचललेले. नवीन मूल आलं की त्याच्याकडून ती भरून घ्यायची, माझ्या वहीत त्याच्या नावापुढे ‘दृश्य’, ‘श्राव्य’ असा शिक्का मारायचा आणि त्याप्रमाणे तयारी करायची. नाशिकच्या सिडकोतली सातवी ते दहावीची मुलं, विषय गणित. ‘श्राव्य’ निघालेल्या एका मुलाला मी समरूप त्रिकोणांची अख्खी सिद्धता तोंडी समजावली. वीस मिनिटं मान डोलावून झाल्यावर तो म्हणाला, “मॅडम, आता आकृती काढू का?”

प्रश्नावली तिथेच संपली. पुढे कधीतरी वाचनात आलं की हॅरॉल्ड पॅशलर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं होतं. मुलाच्या शिकण्याच्या शैलीप्रमाणे, म्हणजे ‘दृश्य’, ‘श्राव्य’ असं बघून शिकवल्याने त्याला जास्त येतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मला तर त्या मुलानेच सांगितलं होतं. भूमितीला आकृती सगळ्यांनाच लागते आणि पाढे सगळ्यांनाच म्हणावे लागतात.

मग मुलामुलांत फरक नसतो का? असतो, भरपूर असतो, पण तो दुसरीकडे दिसतो. नव्याने शिकवणी घेणाऱ्यांना मी सांगते, पहिल्या दिवशी शिकवू नका. पाच गणितं द्या. चार येतील अशी आणि एक हमखास न येणारं. आणि त्या पाचव्याला मूल काय करतं ते बघत बसा. कोणी तुमच्या तोंडाकडे बघतं, कोणी पान उलटतं, कोणाला नेमकी तेव्हाच तहान लागते.

एक मुलगा खोडायचा. अर्धी ओळ लिहिली की खोड, इतकं की कागद झिरझिरीत व्हायचा. मी शहाणपणा करून त्याचा खोडरबर काढून घेतला, तर त्याने लिहिणंच बंद केलं. दोन आठवडे वाया गेले. मग मी पेन दिलं आणि नियम केला, चुकलं तर एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं. दहावीचा बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, त्यात पायऱ्यांना गुण असतात. त्याने रेघ मारलेल्या एका गणिताच्या पहिल्या दोन पायऱ्या बरोबर होत्या. मी शेजारी लाल पेनाने एक गुण लिहिला. त्या गुणाकडे तो बराच वेळ बघत होता. नंतर रेघा वाढल्या, आणि त्यांच्याखालची उत्तरंही.

आठवीतल्या एका मुलीचं सगळंच ‘समजलं, मॅडम’. माझ्यासमोर फळ्याशी उभं राहून बोलायचं म्हटलं की घसा बसायचा. शेवटी म्हटलं, रात्री एक गणित सोडवताना मोठ्याने बोल आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं : “३ एक्स बरोबर १२. तीन पलीकडे गेला की चिन्ह बदलतं, म्हणून १२ भागिले वजा ३.” उत्तर उणे चार! ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य आपण शिक्षकच इतक्या बेफिकिरीने वापरतो, की ते कुठे लागू नाही हे सांगायचं राहूनच जातं. हे मला तिच्या वहीवरून कधीच कळलं नसतं, वहीतलं गणित ती मैत्रिणीचं बघून लिहीत होती. तेव्हापासून ‘समजलं का?’ हा प्रश्न मी विचारत नाही.

भाषेचीही गंमत असते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘एकोणसत्तर’ म्हटलं की तो बिनधास्त ७९ लिहितो आणि आपण त्याचं गणित कच्चं समजतो. पालकांबद्दल एवढंच, की मुलासमोर ‘आमच्याकडे कोणालाच गणित येत नाही’ म्हणणाऱ्या आईला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गाठून थांबवावं. हॉलमध्ये बोलू नये.

ज्या विद्यार्थ्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं, तो बुधवारी यायचा नाही. बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशकात गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, तिथे घरचं भाजीचं दुकान. शाळेत सेमी इंग्रजी. ‘थ्री-फोर्थ ऑफ सिक्स्टी’ म्हटलं की गप्प. मी विचारलं, गवार साठ रुपये किलो, पाऊण किलोचे किती? “पंचेचाळीस,” माझं बोलणं पुरं व्हायच्या आत. मग दोन चलांची समीकरणं आली. दोन किलो बटाटे आणि तीन किलो कांदे मिळून ११० रुपये; एक किलो बटाटे आणि तीन किलो कांदे ८५. “बटाटा पंचवीस,” तो म्हणाला. “एक किलो बटाटा कमी झाला, पंचवीस कमी झाले.” मग कांदा वीस, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्या तोंडून समीकरणांची वजाबाकी झाली होती, फक्त कागदावर यायची राहिली होती. आधी ‘बटाटा’ असं पूर्ण लिहायचं, मग नुसता ‘ब’, मग एक्स; यात तीन आठवडे गेले. तोंडी येणारं कागदावर आपोआप उतरत नाही, त्याला वेळ द्यावाच लागतो.

मला मात्र किल्ली सापडल्यासारखं झालं. टक्केवारीला टोमॅटो, संभाव्यतेला पिशवीतली लिंबं. वर्गसमीकरणाच्या दिवशीही मी कोथिंबिरीच्या वाफ्याची लांबी-रुंदी काढायला लागले. तो पेन खाली ठेवून म्हणाला, “मॅडम, इथे तरी भाजी नको.”

मी वाफा पुसला आणि पुस्तकातलं पहिलं उदाहरण फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं.