युरियाचा हप्ता: ओल्या जमिनीवर उघडा टाकू नका

पाऊस उघडला, ऊन पडलं, जमीन वरून ओलसर आहे. पोतं फोडायचा मोह नेमका याच वेळी होतो, आणि नत्र सगळ्यात जास्त वाया जातं तेही याच वेळी.

युरियात 46 टक्के नत्र असतं, पण पीक नत्र मुख्यतः अमोनियम आणि नायट्रेटच्या रूपात घेतं. युरिया फोडायचं काम युरिएज नावाचं एन्झाइम (विकर) करतं. नुसत्या पाण्यात युरिया आपोआप फुटायला वर्षं लागतील. उबदार, ओल्या मातीत दोन-चार दिवसांत बराचसा फुटतो. फुटताना दाण्याभोवतीची माती अल्कधर्मी होते आणि अमोनिया वायू सुटतो. दाणा मातीत गाडलेला असेल तर माती तो धरून ठेवते. वर उघडा असेल तर हवेत गेला.

म्हणून खत पेरून किंवा कोळपून चार-पाच सेंटिमीटर खाली जाऊ द्या. ते जमत नसेल, तर टाकल्यावर लगेच पाणी द्या, निदान दहा-पंधरा मिलिमीटर पावसाइतकं. नुसत्या भुरभुरीने दाणा विरघळतो, खाली मात्र जात नाही. ती कोरड्यापेक्षा वाईट. पाचटावर युरिया फेकू नका, तिथे युरिएज भरपूर असतं. चुना किंवा राख त्यात मिसळू नका. बियाण्याला खेटूनही नको, अमोनियाने कोंब जळतो.

कडुनिंबाचा लेप असलेला युरिया आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो लेप प्रामुख्याने पुढच्या टप्प्यावर, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होण्यावर, लगाम घालतो. युरिएज रोखणारं द्रव्य वेगळं असतं.

जमिनीत टाकायला ‘एन्झाइमयुक्त’ बाटल्याही मिळतात. माझं मत विचाराल तर पैसे शेणखतात घाला. एन्झाइम म्हणजे प्रथिन. उन्हात तापलं की निकामी होतं, आणि मातीतले जीवाणूही ते खाऊन टाकतात. कपड्यांच्या पावडरीतली एन्झाइमं कारखान्यात जीवाणू-बुरशीकडूनच बनवून घेतात. शेणखत घातलं की तेच काम जमिनीतले जीव करतात. काडीकचरा कुजवणारं सेल्युलेजही त्यांचंच. शेणखताचा खड्डा ओलसर ठेवा, मुठीत दाबल्यावर पाणी गळेल इतका नव्हे.

एक गोष्ट गोठ्यातली. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज असतं. युरिया मिसळलेल्या पशुखाद्यात कच्चं सोयाबीन घालू नका. अमोनिया झपाट्याने सुटून जनावराला विषबाधा होऊ शकते.