ड्युरा उघडण्याआधी सोनोग्राफी: मज्जारज्जूतल्या गाठीचा नेमका ठाव

छातीच्या भागात निरोगी मज्जारज्जूची रुंदी सेंटिमीटरभरही भरत नाही. गाठ कशी आहे ते एमआरआय सांगतो. टेबलावर पालथ्या झोपलेल्या पेशंटमध्ये ती नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे मात्र ड्युरा, म्हणजे रज्जूभोवतीचं जाड आवरण, उघडण्याआधी सोनोग्राफीला विचारावं लागतं.

पहिली चूक मणके मोजताना होते. एमआरआयवर मानेकडून मोजले आणि सी-आर्मखाली (टेबलाशी आणायचं एक्स-रे यंत्र) सेक्रमकडून, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाकडून, की कमरेचे मणके पाचाऐवजी चार किंवा सहा असलेल्या पेशंटमध्ये गणित एका मणक्याने हुकतं. म्हणून पूर्ण पाठीचा सॅजिटल (बाजूने दिसणारा) फोटो घ्यावा आणि दोन्हीकडे एकाच टोकापासून मोजावं. कातडीवरच्या खुणेवर विसंबू नये, पालथं झोपवल्यावर कातडी सरकते.

लॅमिना (मणक्यांच्या मागच्या हाडाच्या पट्ट्या) काढून झाल्या, रक्तस्राव थांबला, की सोनोग्राफीचा प्रोब मागवावा. छोट्या तोंडाचा, 10 मेगाहर्ट्झच्या आसपासचा लिनियर प्रोब चांगला. निर्जंतुक कव्हरमध्ये आधी जेल घालावं आणि टोकाशी हवा राहू देऊ नये. जखमेत कोमट सलाइन हळूहळू ओतावं, ड्युरावर एक-दीड सेंटिमीटर उभं राहील इतकं. प्रोब सलाइनमध्ये बुडवायचा, ड्युराला टेकवायचा नाही. टेकवला तर रज्जूवर दाब येतो, आणि प्रोबच्या अगदी जवळचा भाग धूसरही दिसतो. डोक्याकडची बाजू उंच असेल तर सलाइन वाहून जातं, तेवढ्यापुरतं टेबल सपाट करून घ्यावं. रक्त थांबवायला लावलेले बोन वॅक्स, जेलफोम, कापसाच्या पट्ट्या आधी काढाव्यात. बुडबुडे पांढरे चमकतात आणि त्यांच्याखाली काळी सावली पडते.

खोली 3-4 सेंटिमीटर ठेवावी. प्रोबच्या एका टोकाला बोट लावून पडद्याची कोणती बाजू हलते ते बघावं. डोक्याकडची आणि पायांकडची बाजू उलटी समजली, तर पुढचं सगळंच उलटं होतं.

चित्रात ड्युराची रेघ उजळ, भोवतालचं पाणी काळं, रज्जू करडा आणि त्याच्या मधोमध एक चमकती रेघ दिसते. गाठीपाशी ही मधली रेघ हरवते. एपेंडायमोमा हा गाठीचा प्रकार बहुधा रज्जूपेक्षा उजळ आणि मधोमध असतो. ॲस्ट्रोसायटोमा हा दुसरा प्रकार बहुधा एका बाजूला असतो आणि त्याची कड सापडता सापडत नाही. ती सापडत नाही हीच माहिती समजावी. सिस्ट (पाण्याने भरलेली पोकळी) काळी दिसते.

आता खरा निर्णय. गाठीच्या घन भागाची दोन्ही टोकं काढलेल्या हाडाखाली येतात का? येत नसतील तर आत्ताच आणखी अर्धी लॅमिना काढावी. ड्युरा उघडल्यावर हाड कापलं की रक्त थेट रज्जूवर उतरतं. टोकाच्या सिस्टसाठी हाड वाढवायची बहुधा गरज नसते.

रज्जूवरच्या छेदाची मध्यरेषा फक्त पडद्यावरून ठरवू नये. फुगलेला रज्जू पिळवटलेला असू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या मागच्या नसा जिथे आत शिरतात ती जागा बघून मध्य काढावा. हिमॅंजिओब्लास्टोमात (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावावा: आधी धमन्या बंद करायच्या, मुख्य शीर शेवटी. गाठीत चिरून शिरायचं नाही. नेव्हिगेशनचा (संगणकावर जागा दाखवणारी यंत्रणा) भरवसा हाडापुरता, आतल्या मऊ रज्जूबद्दल त्याला काही कळत नाही.

गाठ काढता काढता सोनोग्राफीने पुन्हा बघावं, पण आधी गुठळ्या शोषून, जखम धुऊन. गोठलेलं रक्त आणि सर्जिसेल (रक्त थांबवायला ठेवलेलं जाळीदार कापड) दोन्ही उजळ दिसतात आणि उरलेल्या गाठीचा आभास करतात. मोटर सिग्नल (हालचालीचे संदेश, ऑपरेशनभर यंत्रावर नोंदले जाणारे) पडले तर हात थांबवावा, कोमट सलाइनने धुवावं, रक्तदाब वाढवून घ्यावा. डी-वेव्ह (रज्जूवरूनच थेट नोंदलेली मोटर सिग्नलची लाट) निम्म्याहून खाली गेली तर, पडद्यावर गाठ दिसत असली तरी, पुढे जाऊ नये.

ऑपरेशननंतरच्या एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट (गाठ उजळ दाखवणारं औषध) देण्याआधीचा टी-1 (एमआरआयचा एक प्रकारचा फोटो) जरूर मागावा. ताजं रक्त त्यातही पांढरं दिसू शकतं. तुलनेला तो फोटो नसेल तर तेच रक्त रिपोर्टमध्ये उरलेली गाठ म्हणून लिहिलं जातं.